काढलं म्हणा, भावजी

आमच्या कंपनीत स्वागताचं खातं माझ्याकडे आणि निरोपाचं भावजींकडे. म्हणजे आलेल्याला बसा म्हणायचं मी, आणि बसलेल्याला उठा म्हणायचं माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. एकाच घरातली दोन माणसं कंपनीनं अशी दोन टोकांना लावून ठेवली होती, तरी लोक म्हणायचे वशिला आहे. कंपनी दारांचं सामान करते. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, कुलपं. त्यामुळे कोणाला बाहेरचा रस्ता दाखवला की 'दारही आपलंच, कडीही आपलीच' हा विनोद कोणीतरी करायचंच, आणि ज्याला रस्ता दाखवला तो सोडून सगळे हसायचे.

भावजींच्या केबिनवर 'मनुष्यबळ विकास' अशी पाटी होती. ज्याचा विकास झाला तो माणूस सहसा दुसऱ्या दिवशी दिसत नसे. माघारी त्यांना सगळे गूळसाहेब म्हणत. जो गुळानं मरतो त्याला विष कशाला, या म्हणीतला तो गूळ. आवाज मऊ, चाल मऊ, हात हातात घेतला तर तोही मऊ. आणि सरळ वाक्य म्हणाल तर जन्मात एक बोलल्याचं कोणाला आठवत नाही.

हा गोडवा फक्त नोकरीपुरता असता तर माझी तक्रार नव्हती, पण तो घरातही चालायचा. आमची आत्या दवाखान्यात गेली तेव्हा तिच्याजवळ भावजी होते. आईला सांगायला ते घरी आले, तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, आत्यांना आता पूर्ण आराम पडलाय, कसलाही त्रास उरलेला नाही. आईला इतका आनंद झाला की तिनं लगेच मऊ भात टाकला. मी कधी जाऊ भेटायला, असं तिनं विचारलं, तर हे म्हणाले, आता घाई करू नका. आई डबा घेऊन दवाखान्यात पोहोचली आणि तिथल्या नर्सनं तिला जे सांगायचं ते एका शब्दात सांगितलं. तेव्हापासून भावजी काहीही बोलले की आई ताईकडे वळते आणि विचारते, म्हणजे काय गं?

ताई म्हणजे माझी बहीण, तोंडाची फटकळ. देवानं जोडी जमवताना दोघांचा मिळून एक शहाणा माणूस करायचा ठरवलं असावं. भात करपला की भावजी म्हणतात, आज भाताला वेगळाच खमंगपणा आलाय. ताई म्हणते, करपलाय, खा.

तर आमचे मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे प्रमुख, कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना 'स्पर्धा' हा शब्द घेऊन आले. पलीकडची कंपनी आपल्यासारखीच बिजागरी आपल्यापेक्षा स्वस्त विकते, असं त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं. हे खोटं नव्हतं. ऑर्डर रद्द करणाऱ्यांचे फोन मीच घेत होते, आणि ते फोन हल्ली फार वाजायला लागले होते. पण पुढे साहेब म्हणाले, कंपनीच्या अंगावर चरबी चढलीय, ती उतरवायला हवी. हे म्हणताना त्यांचा हात स्वतःच्या पोटावर होता. मला वाटलं, सुरुवात घरापासून होणार. पण शोध घेतल्यावर चरबी नेमकी खालच्या मजल्यावर सापडली. वरच्या मजल्यावर त्याच महिन्यात काचेची नवीन केबिन बांधायला घेतली होती. ती चरबी नव्हती, ती म्हणे प्रतिमा होती.

मी त्या रात्री ताईकडे जेवताना भावजींना धारेवर धरलं. ते शांतपणे म्हणाले, सर्वनाश समोर आला की पंडित अर्ध्यावर पाणी सोडतो. मी म्हटलं, सोडतो, पण स्वतःच्या अर्ध्यावर. इथे पंडित वरच्या मजल्यावर आणि अर्धं खालच्या. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मात्र मला अजून टोचतं. काही जण गेले तर बाकीचे राहतील, कोणीच गेलं नाही तर सगळेच जातील, तू फोन घेतेस ना, मग तूच सांग. ज्या बोलण्याला उत्तर नसतं त्याचाच राग जास्त येतो, म्हणून मी आणखी एक चपाती घेतली.

मग विकास सुरू झाला. एकेकाला भावजींच्या केबिनमध्ये बोलावणं यायचं. आत पाणी, मग चहा, मग गूळ. तुमच्या क्षमतेला ही जागा अपुरी पडतेय. कंपनी आता तुमच्या वाटेत येणार नाही. तुम्हाला मोकळं करायचं ठरवलंय. शहाण्याला शब्दाचा मार. लोक समजायचे ते समजायचे, बाहेर यायचे आणि माझ्या टेबलावरच्या वेताच्या टोपलीत ओळखपत्र टाकून जायचे. कोणी हळूच ठेवायचं, कोणी फेकायचं. वेल्डिंगवाल्या एका बाईनं ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तुझा भावजी इतकं छान बोलतो की शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या.

आणि मग शिक्केकाकांची पाळी आली.

शिक्केकाका पॅकिंगमध्ये होते. खोक्यावर 'तपासले' असा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. खोक्यात काय आहे ते त्यांनी तपासलेलं नसायचं. पूर्वी एक माणूस तपासायचा आणि काका शिक्का मारायचे. मग तपासायचं यंत्र आलं, माणूस गेला आणि शिक्का तेवढा राहिला. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. दोन खोक्यांच्या मधे ते जगभर हिंडून यायचे. कोणाच्या मुलाचा दात पडला, कोणाच्या घरमालकानं नळ बंद केला, सगळं त्यांना ठाऊक. कारखान्यात कोणाचा निरोप कोणाला पोहोचवायचा असला तर तो काकांच्या तोंडी द्यायचा. अर्थात तो वाटेत थोडा वाढायचा. आता खरं सांगायचं तर कंपनीला काढायलाच हवा असा माणूस शोधायचा असता तर मीही काकांकडेच बोट दाखवलं असतं आणि मग आठवडाभर मला जेवण गेलं नसतं.

काका केबिनमध्ये गेले. बराच वेळ आत होते. बाहेर आले ते मान ताठ करून. मी टोपली जरा पुढे सरकवली. काकांनी टोपलीकडे पाहिलं, ती छान आहे म्हणाले आणि माझ्या टेबलावर कोपर टेकून उभे राहिले.

"पोरी, मला मोकळं केलं," ते हळूच म्हणाले. "साहेब म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला एका जागी अडकवून ठेवणं बरं नाही. उशिरा का होईना, कळलं म्हणायचं यांना."

मला वाटलं, माणूस चटका लपवायला विनोद करतोय. पण त्यांनी खिशातून पत्र काढून दाखवलं. पत्राची भाषाही भावजींचीच. या महिनाअखेरीपासून आपणास कार्यमुक्त करण्यात येत असून, आपल्या पुढील उज्ज्वल वाटचालीस शुभेच्छा. काकांनी मला अर्थ समजावून सांगितला. कार्यमुक्त म्हणजे कामातून मुक्त. आता शिक्का नाही मारायचा, फिरतीचं पद आहे.

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर. दारावरचा रखवालदार त्यांचा जुना दोस्त, त्यानं सलाम ठोकला. काका पॅकिंगमध्ये बसले नाहीत. ते रंगकाम बघून आले, गोदाम बघून आले, हिशेबाच्या खोलीत जाऊन पंखा फार जोरात आहे म्हणून सांगून आले. खालच्या मजल्यावर सगळ्यांना काय झालंय ते कळत होतं आणि सांगत कोणीच नव्हतं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? आणि ही घंटा तर ज्याच्या खिशात होती तो स्वतःच तिला बासरी समजत होता.

मी का नाही सांगितलं, असं ताईनं मला नंतर विचारलं. एक तर ज्यानं घोळ घातला त्यानंच तो निस्तरावा असं मला वाटत होतं. आणि त्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून माझी जीभ उचलत नव्हती.

पण मग काका एकदा येऊन म्हणाले की त्यांच्या मुलीचं आता मार्गी लागलं. मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. तिला नर्सिंग शिकायचं होतं, पण घरात दोन पगार लागतात म्हणून ती दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलायची. आता बापाला बढती मिळाली, तेव्हा शुक्रवारी ती दुकानाचा राजीनामा देणार आणि पुढच्या आठवड्यापासून शिकायला लागणार. मीच सांगितलं तिला, काका म्हणाले, बाप मोकळा झाला, आता तूही हो.

मी फोन तसाच वाजत ठेवून भावजींच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून सगळं सांगितलं. भावजींचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, यात थोडी संवादाची दरी राहिलेली दिसते. मी म्हटलं, भावजी, दरी नाही, विहीर आहे, आणि त्यात काकांच्या मागून त्यांची पोरगी उडी मारतेय. शुक्रवारच्या आत सांगा.

भावजींनी प्रयत्न केला, नाही असं नाही. पहिल्यांदा त्यांनी काकांना बोलावून सांगितलं की, तुम्ही उद्यापासून आला नाहीत तरी कंपनीची काही अडचण होणार नाही. काका बाहेर आले आणि मला म्हणाले, आता हजेरीचीही सक्ती नाही, पार वरच्या लोकांसारखं. दुसऱ्यांदा म्हणाले, काका, तुमची उणीव आम्हाला फार भासेल. काकांनीच त्यांना धीर दिला की, भासणार नाही, मी आहेच की. तिसऱ्यांदा भावजींनी म्हणे मन घट्ट केलं आणि सांगितलं, आता तुम्ही या कंपनीच्या पलीकडे विचार करायला हवा. त्या दिवशी काका माझ्याजवळ आले ते इकडेतिकडे बघत. साहेबांनी पलीकडच्या कंपनीचं काम सोपवलंय, त्यांची बिजागरी स्वस्त कशी पडते ते काढायचंय, गुप्त आहे, तू कोणाला बोलू नकोस. एवढं सांगून ते पुढे हिशेबाच्या खोलीत हेच गुपित सांगायला गेले.

गुरुवारी मी ताईच्या घरी गेले आणि जेवायला बसल्यावर भावजींच्या समोरच सगळं ओतलं. ताईनं वाढायचा डाव पातेल्यात ठेवला.

"अहो, गुळानं मारलंत ते मारलंत," ती म्हणाली, "निदान मेलायस म्हणून तरी सांगा त्याला."

भावजी म्हणाले की त्यांना तो शब्द म्हणता येत नाही. तोंडापर्यंत येतो आणि आपोआप वळतो. समोरच्याला लागू नये म्हणून, असं ते म्हणाले. ताई म्हणाली, समोरच्याला लागू नये म्हणून नाही, तुम्हाला लागू नये म्हणून. मला वाटलं होतं की ते चिडतील. ते चिडले नाहीत. उठले, हात धुतले आणि बेसिनवरच्या आरशासमोर उभे राहून पुटपुटायला लागले. काढ... काढण्यात... काढण्याचा विचार... ताई स्वयंपाकघरातून ओरडत होती, लं! काढलं! आमचा भाचा, जो एरवी अभ्यासाच्या पुस्तकातून मान वर काढत नाही, तोही आतून ओरडला, बाबा, लं!

शुक्रवारी काका दुपारी आले, कारण आता हजेरीची सक्ती नव्हती. माझ्या टेबलाजवळ थांबून ते म्हणाले, पोरगी आज राजीनामा देतेय, बहुतेक दिलाही असेल. तेवढ्यात भावजी जिना उतरून आले. केबिनमध्ये नेलं असतं तर पाणी आलं असतं, चहा आला असता आणि मग पुन्हा तेच. म्हणून ते तिथेच, माझ्या टेबलासमोर, उभ्यानं बोलले. घाम आला होता त्यांना.

"काका, तुम्हाला नोकरीवरून काढलंय. कंपनीनं काढलं आणि मी सांगितलं, पण मला नीट सांगता आलं नाही. बढती नाही, फिरतीचं पद नाही. या महिन्यानंतर पगार येणार नाही. मुलीला थांबवा."

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्या टोपलीकडे. आता त्यांना ती कशासाठी आहे ते कळलं असावं.

"म्हणजे आत्ता सांगताय ते खरं," ते म्हणाले, "आणि तेव्हा जे बोललात ते काय होतं?"

मी फोन काकांच्या पुढे केला. नंबर त्यांनी सांगितला आणि मी लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. तेवढ्या वेळात भावजींनी भिंतीला हात टेकला, तो खाली घेतलाच नाही. शेवटी मुलीनं उचलला. नाही दिला अजून, ती म्हणाली, मालक जेवायला गेलेत ते आलेच नाहीत, रोज असंच करतात.

तर असा तो दुकानाचा मालक. दुकान उघडं टाकून घरी जेवतो आणि जेवून झोपतो. आमच्या मोठ्या साहेबांनी त्याला स्पर्धेत एक दिवस टिकू दिलं नसतं. त्याच्या त्या झोपेमुळे एका घरातला एक पगार वाचला. काकांनी मुलीला फक्त एवढंच सांगितलं की, देऊ नकोस, घरी आल्यावर बोलतो. मग गळ्यातलं ओळखपत्र काढलं, टोपलीत ठेवलं, भावजींकडे न बघता बाहेर गेले. रखवालदारानं त्यांना सलाम केला. त्याला अजून माहीत नव्हतं.

खोकी आता शिक्क्याशिवाय जातात. एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही की 'तपासले' का लिहिलेलं नाही. साहेबांचं बरोबर होतं. त्या कामाची गरजच नव्हती. पण मला त्या माणसाची सवय होती, आणि सवयीची बाजू मांडायला कुठल्याही परिषदेत कोणी जात नाही. बिजागरीची किंमत म्हणाल तर तीही थोडी उतरली. मग पलीकडच्या कंपनीनंही आपली चरबी उतरवली आणि त्यांची बिजागरी पुन्हा स्वस्त झाली.

भावजींची गोष्ट मात्र मोठ्या साहेबांच्या कानावर गेली. भर स्वागतकक्षात, पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर, 'काढलं' असा शब्द! कंपनीच्या प्रतिमेला हे शोभणारं नव्हतं. साहेबांनी भावजींना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. आता मोठ्या साहेबांनी स्वतः आजवर कोणाला काढलेलं नव्हतं, त्यासाठी भावजी होते. त्यामुळे त्यांच्याकडे शब्द भावजींचेच. तुम्हाला मोकळं करायचं ठरवलंय, ते म्हणाले.

भावजी म्हणाले, आभारी आहे साहेब. आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आले.

केबिनला कुलूप होतं, आमच्याच कंपनीचं, म्हणून ते माझ्यासमोर पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. त्यानंतरच्या दिवशीही बसले. साहेबांनी वरून निरोप पाठवले. तुम्ही घरच्यांना वेळ द्या. भावजी म्हणाले, देतो की, संध्याकाळी. तुमच्या अनुभवाचा जगाला उपयोग होऊ द्या. भावजींनी मान डोलावली आणि बसून राहिले. मी त्यांना हळूच म्हटलं की, भावजी, कळलंय ना तुम्हाला? ते म्हणाले, मला केव्हाच कळलंय गं, पण त्यांनी म्हणायला हवं.

शेवटी साहेबांनी मलाच बोलावलं. तुमचे नात्यातले आहेत, तुम्ही त्यांच्याकडून ओळखपत्र घ्या. मी विचारलं, काय सांगून घेऊ? साहेबांनी छताकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, टेबलावरची बिजागरी उघडली आणि मिटली. सांगा की, कंपनी आता त्यांच्या वाटेत... मी म्हटलं, साहेब, हे वाक्य त्यांचंच आहे, ते त्यांना पाठ आहे.

साहेब जिना उतरून खाली आले. भावजी उठून उभे राहिले. दोन गिऱ्हाइकं बसली होती, तीही वर बघायला लागली. साहेबांच्या कपाळावर, अगदी भावजींना आला होता तिथेच, घाम आला.

"तुम्हाला काढलंय," साहेब म्हणाले.

भावजींनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टोपलीत ठेवलं, साहेबांचा हात हातात घेतला आणि जरा दाबला. मग छत्री उचलून घरी गेले. मी संध्याकाळी ताईकडे पोहोचले तेव्हा ते कोपऱ्यात पेपर धरून बसले होते आणि ताई पानं घेत होती. आई तिथेच होती. काय झालं, असं तिनं भावजींना विचारलं आणि सवयीनं ताईकडे मान वळवायला लागली.

"काढलं," भावजी म्हणाले.

आईची मान अर्ध्यावरच थांबली. या वेळी तिला कोणाला काही विचारावं लागलं नाही. ताईनं एक ताट जरा त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, बरं, बसा जेवायला, भात करपलाय.